तेरेझीनमधील मुलांची चित्रे

तेरेझीनमधील मुलांची चित्रे हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेरेझीन येथील बंदिवासात ज्यू मुलामुलींनी काढलेल्या सुमारे ४,५०० चित्रांचा व कोलाजांचा संग्रह आहे. यातील बहुतेक चित्रे १९४३ आणि १९४४ या दोन वर्षांतील आहेत. चित्रकार व शिक्षिका फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांच्या वर्गांत ती काढली गेली. ती काढणारी बहुतेक मुले पुढे आउशविट्झ येथे मारली गेली. हा संग्रह प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहे. बालचित्रकला, कलोपचार आणि ज्यू नरसंहाराचा इतिहास या तिन्ही विषयांच्या अभ्यासात त्याचा वारंवार आधार घेतला जातो.

या चित्रांकडे पुष्कळदा केवळ करुण अवशेष म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. ही चित्रे विचारपूर्वक आखलेल्या एका शिक्षणातून निर्माण झाली आहेत. त्या शिक्षणाची माहिती नसेल, तर चित्रांत काय आहे आणि काय नाही, या दोन्ही गोष्टींचा अर्थ चुकीचा लागण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

तेरेझीन हे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटर अंतरावरील तटबंदीचे गाव आहे. सम्राट दुसरा जोसेफ याने १७८० मध्ये त्याची पायाभरणी केली आणि आपली आई मारिया थेरेसा हिचे नाव त्यास दिले. जर्मन भाषेत त्याला थेरेझिएनश्टाट म्हणतात. नोव्हेंबर १९४१ पासून नाझी राजवटीने येथे ज्यू बंदिवानांची वस्ती, म्हणजेच घेट्टो, उभारली. युद्धापूर्वी सैनिक व नागरिक मिळून सुमारे ७,००० लोक ज्या गावात राहत, तेथे सप्टेंबर १९४२ मध्ये ५८,००० हून अधिक माणसे कोंबलेली होती. युद्धकाळात येथे आणलेल्या १,४०,००० हून अधिक बंदिवानांपैकी सुमारे ३३,००० उपासमारीने व रोगांनी तेथेच मरण पावले. सुमारे ८८,००० जणांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांत व इतरत्र पाठवण्यात आले.

या बंदिवानांत १५ वर्षांखालील मुलांची संख्या १०,००० हून अधिक होती. त्यांच्या आयुष्याला लागलेली कात्री तेरेझीनला येण्यापूर्वीच सुरू झाली होती. १९४० मध्ये सार्वजनिक शाळांची दारे त्यांना बंद झाली, बागा व करमणुकीची ठिकाणे निषिद्ध झाली आणि सप्टेंबर १९४१ पासून कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. तेरेझीनला निघताना प्रत्येकास, मग तो मूल असो वा म्हातारा, वाहतुकीचा क्रमांक दिला जाई. पुढील सर्व कागदोपत्री व्यवहार त्या क्रमांकाने चाले.

घेट्टोचा अंतर्गत कारभार पाहणाऱ्या ज्यू मंडळाने शक्य तितक्या मुलांना मोठ्यांच्या गर्दीच्या बराकींतून काढून वेगळ्या बालगृहांत ठेवले. इमारतींना रस्त्याचे अक्षर व घरक्रमांक अशी नावे होती. एल ४१० हे मुलींचे, तर पूर्वी शाळा असलेले एल ४१७ हे मुलग्यांचे गृह होते. औपचारिक शिक्षणास जर्मनांची बंदी होती. गायन, हस्तकला आणि चित्रकला यांस मात्र मुलांना गुंतवून ठेवण्याचा उद्योग म्हणून मुभा होती. त्यामुळे गणित व इतिहास दारावर पहारा ठेवून शिकवावे लागत, चित्रकला उघडपणे शिकवता येई. राज्यकर्त्यांनी ज्या विषयाला बिनमहत्त्वाचा ठरवले, त्याच विषयाचे कागद आज सर्वाधिक संख्येने शिल्लक आहेत.

शिक्षिका

फ्रीडल डिकर यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. त्या चार वर्षांच्या असताना आई वारली. वडील लेखनसाहित्याच्या दुकानात नोकरीस होते. छायाचित्रण व वस्त्रकला यांचे शिक्षण घेतल्यानंतर त्या चित्रकार योहानेस इटेन यांच्या व्हिएन्नातील खासगी कलाशाळेत दाखल झाल्या. १९१९ मध्ये इटेन वायमार येथील नव्या बाउहाउस कलाशाळेत शिकवू लागले, तेव्हा फ्रीडल त्यांच्यामागोमाग तेथे गेल्या व १९२३ पर्यंत राहिल्या. (इटेन यांच्या व बाउहाउसच्या अन्य कलावंतांच्या कलाकृती डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याच्या प्रदर्शनातही मांडल्या गेल्या होत्या. भारतीय कलेतिहासात त्या प्रदर्शनाचा उल्लेख आधुनिकतेच्या संदर्भात नेहमी येतो.)

पुढे व्हिएन्नात फ्रान्झ सिंगर यांच्यासह त्यांनी फर्निचर, अंतर्गत सजावट व वास्तुरचना यांचे काम केले. साम्यवादी चळवळीतील सहभागामुळे त्यांना अटक झाली. सुटकेनंतर त्या प्रागला गेल्या आणि तेथे जर्मनी व ऑस्ट्रियातून पळून आलेल्या निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या. मुलाच्या मनावर ओरखडे असताना चित्रकला काय करू शकते, याचा त्यांचा अभ्यास तेथे सुरू झाला. १९३६ मध्ये त्यांनी पावेल ब्रांडाइस यांच्याशी विवाह केला. १९३८ मध्ये दोघे ह्रोनोव या लहान गावी गेले आणि डिसेंबर १९४२ मध्ये त्यांना तेरेझीनला पाठवण्यात आले. सोबत नेण्याच्या सामानास ५० किलोग्रॅमची मर्यादा होती. फ्रीडल यांनी त्यातील बराच भाग चित्रकलेच्या साहित्याने भरला.

वर्गाची पद्धत

वर्ग बालगृहांच्या खोल्यांत भरत. कागदाची सतत टंचाई असे. कचेरीतील जुने छापील फॉर्म, हिशेबाची पाने, वेष्टनाचे कागद असे मिळेल ते वापरले जाई. अनेक चित्रांच्या मागील बाजूस आजही छापील मजकूर दिसतो. रंग संपले की रंगीत कागदाची कात्रणे चिकटवून कोलाज केले जात. ही केवळ गरजेपोटी काढलेली वाट नव्हती. वेगवेगळ्या पोतांचे तुकडे शेजारी ठेवून पाहणे हा बाउहाउसच्या पायाभूत अभ्यासक्रमाचा भाग होता आणि फ्रीडल तो अभ्यासक्रमच दहा-बारा वर्षांच्या मुलांपर्यंत नेत होत्या.

इटेन यांच्याप्रमाणे त्या आरंभी लयीचे व्यायाम घेत. तालावर हात मोकळा करून कागदभर रेषा, वळसे व ठिपके काढायचे. या व्यायामांत चांगले-वाईट असे काही नसल्यामुळे चित्र येत नाही असे समजणारे मूलही हात चालवू लागे. त्यानंतर प्रकाश व छाया, वस्तूची मांडणी, स्मरणातून काढावयाचे दृश्य, जुन्या चित्रकारांच्या छापील प्रतिमांवरून रचनेचा अभ्यास अशी निरनिराळी कामे असत. महाराष्ट्रातील शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना वस्तुचित्र व स्मरणचित्र हे प्रकार परिचित आहेत. मात्र त्या परीक्षांत स्मरणचित्राचे मूल्यमापन होते. तेरेझीनमध्ये त्या स्मरणाला निराळाच अर्थ होता, कारण ज्या घराचे, रस्त्याचे वा टेबलाचे चित्र मूल काढी, ते त्याच्याकडून हिरावून घेतले गेले होते.

१९४३ मध्ये तेरेझीनमध्येच मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी शिक्षकांच्या चर्चासत्रात फ्रीडल यांनी बालचित्रकलेवर व्याख्यान दिले. सर्व मुलांना चित्रकार बनवणे हे या वर्गाचे उद्दिष्ट नाही, तर त्यांच्यातील निर्मितीची शक्ती मोकळी करणे, कल्पना व निरीक्षण जागे करणे आणि स्वतंत्र निर्णयाची सवय लावणे हे आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. मुलांना लवकरात लवकर आपल्यासारखे करण्याची मोठ्यांना जी घाई असते, तीबद्दल त्यांनी नापसंती व्यक्त केली. सामान्य शाळेतील शिक्षकानेही मनावर घ्यावे असे हे विचार आहेत. ते अशा जागी मांडले गेले, जेथे त्या मुलांना मोठे होऊ दिले जाणार नव्हते.

चित्रांतील विषय

संग्रह प्रथमच पाहणाऱ्यास बहुधा आश्चर्य वाटते. तिमजली लाकडी खाटा, अन्नासाठीच्या रांगा, पहारेकरी, आजाऱ्यांची खोली आणि एखादे फाशीचे दृश्य अशी घेट्टोची चित्रे त्यात आहेत, परंतु त्यांचे प्रमाण कमी आहे. अधिक चित्रे घरांची, फुलदाण्यांची, कुरणांची, फुलपाखरांची, प्राण्यांची, परीकथांची, प्रागच्या रस्त्यांची आणि सणाच्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या कुटुंबाची आहेत. वल्हांडणाच्या जेवणाची व पेटवलेल्या मेणबत्त्यांची चित्रेही आढळतात. यांपैकी अनेक मुलांच्या घरी धार्मिक आचार फारसा नव्हता. आपण ज्यू आहोत ही ओळख त्यांना प्रथम बंदीच्या हुकुमांतून कळली होती. सणाच्या चित्रात ती ओळख दिव्याच्या आणि ताटाच्या रूपात येते, हा फरक लक्षणीय आहे.

फुलपाखरांच्या व फुलांच्या चित्रांवरून ‘मुलांनी आशा सोडली नाही’ असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. तो सरसकट स्वीकारता येत नाही. कित्येक फुले ही वर्गात दिलेल्या अभ्यासाचा भाग होती. त्याचप्रमाणे काळ्या वा करड्या रंगाचे प्रमाण पाहून मुलाच्या नैराश्याचे माप काढणेही धोक्याचे आहे. जेथे रंगांचा तुटवडा होता, तेथे पेटीत जो तुकडा उरला तोच मुलाच्या हाती आला असणार. एका चित्रापेक्षा एकाच मुलाची अनेक चित्रे क्रमाने पाहिल्यास अधिक काही कळते. रेषा सैल होते वा आक्रसते, माणसे कागदाच्या कडेला जातात वा मध्यभागी येतात, घराला दार असते वा नसते. फ्रीडल स्वतः मानसविश्लेषणाशी परिचित होत्या, तरीही मुलांसमोर चित्राचा अर्थ लावून दाखवण्यापेक्षा ते काढू देण्यावर त्यांचा भर होता.

वर्गातील मुलांनी आपल्या चित्रावर नाव घालावे, असा फ्रीडल यांचा आग्रह असे. नावाखेरीज कित्येक चित्रांवर वय, तारीख किंवा इमारतीचा व खोलीचा क्रमांकही आढळतो. शाळेच्या वर्गात ही सामान्य शिस्त मानली गेली असती. क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तिचे मोल वेगळे ठरले. पुढे संशोधकांना ही नावे वाहतुकीच्या याद्यांशी ताडून पाहता आली आणि बहुसंख्य चित्रांच्या कर्त्यांची जन्मतारीख व अखेर निश्चित करता आली. बऱ्याच मुलांच्या बाबतीत त्यांच्या हातची एवढीच वस्तू जगात उरली आहे.

वर्गाबाहेरील बालचित्रकार

तेरेझीनमधील सर्वच मुले एका रीतीने चित्रे काढत नव्हती, हे हेल्गा वाइसोवा यांच्या उदाहरणावरून दिसते. १९२९ मध्ये प्रागला जन्मलेल्या हेल्गा डिसेंबर १९४१ मध्ये आईवडिलांसह तेरेझीनला आल्या. तेथे त्यांनी बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांचे चित्र काढले व पुरुषांच्या बराकीत असलेल्या वडिलांकडे पाठवले. जे डोळ्यांना दिसते ते काढ, अशा आशयाचा निरोप वडिलांनी धाडला. तेव्हापासून त्यांनी नव्याने येणाऱ्यांच्या रांगा, खाटांमधील गर्दी, भाकरीची वाहतूक अशी सुमारे १०० चित्रे काढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये आउशविट्झला नेले जाण्यापूर्वी त्यांनी ती आपल्या काकांकडे सोपवली. काकांनी ती एका बराकीच्या भिंतीत विटांआड चिणून ठेवली. हेल्गा व त्यांची आई वाचल्या, वडील परतले नाहीत. हेल्गा पुढे व्यावसायिक चित्रकार झाल्या.

एकीकडे मुलांना घेट्टोच्या भिंतींपलीकडे नेणारी शिक्षिका आणि दुसरीकडे मुलीला त्या भिंतींकडेच पाहण्यास सांगणारा पिता, असे हे दोन मार्ग आहेत. त्यांत श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या मार्गातला धोका मोठा होता. घेट्टोच्या आराखडा कार्यालयात काम करणारे बेद्रिख फ्रिटा, लेओ हास, ओटो उंगार प्रभृती प्रौढ चित्रकार गुप्तपणे वास्तवाची चित्रे काढीत. २३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना रंगरंगोटी केलेले, बँड वाजणारे तेरेझीन दाखवण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलैमध्ये, या चित्रकारांना त्यांच्या चित्रांवरून अटक झाली. फ्रिटा आउशविट्झ येथे मरण पावले. खोटे चित्र उभे करण्यासाठी सारे गाव रंगवणाऱ्या यंत्रणेला कागदावरच्या खऱ्या रेषा किती खुपत होत्या, हे त्यावरून कळते.

ओस्त्रावा येथून तेरेझीनला आणि तेथून डिसेंबर १९४३ मध्ये आउशविट्झला नेलेले येहुदा बेकन हेही १९२९ साली जन्मलेले. सुटकेनंतर, किशोरवयातच, त्यांनी दाहगृहाच्या धुरातून उमटणारा आपल्या वडिलांचा चेहरा काढला. वायुकक्ष व दाहगृहे यांची त्यांनी स्मरणातून काढलेली रेखाटने पुढे न्यायालयीन पुराव्यात उपयोगी पडली. १९६१ मध्ये जेरुसलेम येथील आइशमन खटल्यात त्यांनी साक्ष दिली.

दोन पेट्या

२८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ या एका महिन्यात तेरेझीनमधून १८,००० हून अधिक माणसे आउशविट्झला पाठवण्यात आली. पावेल ब्रांडाइस पहिल्या खेपेत होते. पतीच्या मागे जाता यावे म्हणून फ्रीडल यांनी स्वतःहून पुढील वाहतुकीत नाव दिले. ६ ऑक्टोबर १९४४ रोजी त्या निघाल्या. त्यांच्या अनेक विद्यार्थिनी त्याच गाडीत होत्या. ९ ऑक्टोबर रोजी बिर्केनाउ येथे त्यांना मारण्यात आले. पावेल युद्धातून वाचले.

जाण्यापूर्वी चित्रे दोन पेट्यांत भरून ठेवण्यात आली होती. मे १९४५ मध्ये घेट्टो मुक्त झाल्यानंतर, मुलींच्या गृहाचे अखेरचे प्रमुख व्हिली ग्रोआग यांनी त्या पेट्या ऑगस्ट १९४५ मध्ये प्रागच्या ज्यू समाजाच्या कार्यालयात पोहोचवल्या. बंदिवासातून नुकत्याच सुटलेल्या, हरवलेली माणसे शोधत आलेल्या लोकांच्या त्या गर्दीत शाळकरी चित्रांकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

संग्रह व प्रदर्शने

पुढे चित्रे प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आली. हाना व्होलाव्कोव्हा यांनी संपादित केलेले चित्रे व कवितांचे पुस्तक १९५९ मध्ये प्रकाशित झाले आणि अनुवादांमुळे संग्रह जगभर परिचित झाला. त्या पुस्तकामुळे एक गैरसमजही रूढ झाला. त्यातील फुलपाखरावरील प्रसिद्ध कवितेचे कर्ते पावेल फ्रिडमन हे लहान मूल होते असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात जून १९४२ मध्ये ती लिहिताना ते २१ वर्षांचे होते.

संग्रहातील निवडक चित्रे प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर मांडलेली आहेत. त्याच वास्तूच्या भिंतींवर बोहेमिया व मोराव्हियातील सुमारे ८०,००० ज्यू बळींची नावे हाताने लिहिलेली आहेत. १९६८ नंतर हे स्मारक बंद पडले व ओलीने नावे खराब झाली. १९९० च्या दशकात ती पुन्हा लिहिण्यात आली.

कलोपचारावरील प्रभाव

फ्रीडल यांच्या व्हिएन्ना व प्राग येथील विद्यार्थिनी एडिथ क्रेमर यांनी निर्वासितांच्या मुलांच्या वर्गात त्यांना साहाय्य केले होते. १९३८ मध्ये क्रेमर अमेरिकेस गेल्या आणि न्यू यॉर्कमध्ये भावनिकदृष्ट्या अस्वस्थ मुलांसोबत काम करू लागल्या. चित्राचा उलगडा करण्याहून चित्र घडवण्याची क्रियाच मुलाला सावरते, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र होते. कलोपचाराच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. फ्रीडल यांच्या ऋणाचा त्या आवर्जून उल्लेख करीत.

पेत्र गिन्झ यांचे चंद्रचित्र

एल ४१७ या गृहातील एका खोलीतील मुलगे १९४२ च्या अखेरीपासून ‘वेदेम’ नावाचे हस्तलिखित साप्ताहिक काढीत. त्याची एकच प्रत तयार होई व ती शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने वाचली जाई. त्याचे संपादक पेत्र गिन्झ यांचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ चा. ज्यूल व्हर्न यांच्या कथांचे वेड असलेल्या या मुलाने चंद्रावरील उंचसखल डोंगरांतून दिसणाऱ्या पृथ्वीचे पेन्सिलचित्र काढले. मनुष्य चंद्रावर पोहोचण्यास तेव्हा पाव शतक अवकाश होता. सप्टेंबर १९४४ मध्ये पेत्र यांना आउशविट्झला नेण्यात आले. ते १६ वर्षांचे होते. ‘वेदेम’ची सुमारे ८०० पाने त्यांच्या एका सोबत्याने पुरून ठेवल्यामुळे वाचली.

हे चंद्रचित्र जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकाकडे आहे. ज्यांची आई आउशविट्झमधून वाचली होती, ते इस्रायली अंतराळवीर इलान रॅमन यांनी त्याची प्रत जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया या अंतराळयानातून सोबत नेली. कल्पना चावला याच मोहिमेत होत्या. १ फेब्रुवारी २००३ रोजी, पेत्र यांच्या ७५ व्या जन्मदिनी, परतीच्या वाटेवर यान नष्ट झाले व सातही अंतराळवीर मृत्यू पावले. त्या बातम्यांतून पेत्र यांचे नाव ऐकल्यावर प्रागमधील एका घरात पडून असलेल्या त्यांच्या १९४१-४२ च्या दैनंदिनीची ओळख पटली. युद्धातून वाचलेल्या त्यांच्या बहिणीने ती २००४ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. ५०४१३ या क्रमांकाच्या लघुग्रहास पेत्रगिन्झ हे नाव देण्यात आले आहे.